लॅबचा पासवर्ड

“काका, काकूचं नाव काय हाय वो?” स्वप्नालीनं विचारलं, तसा अंगद चक्क लाजला.

“घरच्या बाईचं नाव घेत न्हाईत, पोरी.”

खरंच त्यानं ते कधी घेतलं नव्हतं. “आगं, ऐकलं का” एवढ्यावर त्याचा सारा संसार निभला. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि हाक मारायलाच कोणी उरलं नाही. धारूरकडच्या एका कॉलेजात तो संगणकाची लॅब सांभाळी. रोज सकाळी, मुलं येण्याआधी, तो वीस संगणक सुरू करी आणि विसांवर तिचं नाव टाइप करी. पासवर्डच तो. अक्षरांच्या जागी टिंबं उमटत, पडदे एकेक करून उजळत आणि त्याला वाटे, ती आतून एकेक खिडकी उघडते आहे. तेवढा वेळ तो कुणाचा नोकर नसे.

यंदा पदवीला सायबर सुरक्षा हा विषय लागला. योगिता मॅडमनी संगणक पुन्हा लॉक करून पहिलंच प्रात्यक्षिक ठेवलं: लॅबचा पासवर्ड ओळखा. अंगद गालात हसत होता. त्याच्या तोंडून नाव निघणं शक्यच नव्हतं.

पण स्वप्नाली तलवाड्याची, भारी चौकस. कोपऱ्यात त्याचा जेवणाचा डबा होता, सासुरवाडीनं दिलेला. झाकणावर ठसठशीत कोरलं होतं: सौ. सत्यशीला. ते वाचून स्वप्नाली गुपचूप जागेवर गेली, नाव टाइप केलं आणि पडदा उजळला.

टाळ्या पडल्या. “काका, डब्यानंच दगा दिला की वो तुमाला.”

“आज सगळीकडे नवा टाका, काका,” मॅडम म्हणाल्या. “काही अर्थ नसलेला. माणसाचं नाव नको.”

“एका मशीनवर ऱ्हाऊ द्या की, मॅडम. त्या कोपऱ्यातल्या.”

“नाही चालणार हो. सगळी एकमेकांना जोडलेली आहेत.”

उद्या सकाळी इथं येऊन अंगद काय करणार होता?

मॅडमनी मुलांना उतरवून घ्यायला फळ्यावर लिहिलं: सत्यशीला. पुढे लिहिलं: कमकुवत.

त्याला साप चावला होता, तेव्हा त्याच्या बायकोनंच त्याला पाठुंगळी घेऊन घाटाखालचा दवाखाना गाठला होता. तो उभा राहिला.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “सत्यशीला कमकुवत न्हवती.”

मॅडमनी डस्टर उचललं आणि पुढचा शब्द पुसला. चाळीस मुलांनी वहीत नुसतं नाव लिहून घेतलं.