चौथं कडवं

रविवारी चर्चमध्ये गीत संपलं, ऑर्गन थांबला, सगळ्या मंडळीने मूक प्रार्थनेसाठी माना खाली घातल्या आणि आमचे हे चौथं कडवं गाऊ लागले. एकटेच, खड्या आवाजात, डोळे मिटून. आज तीनच कडवी घ्यायची, असं पाळकसाहेबांनी आधीच सांगितलं होतं. ह्यांना ते ऐकू आलं नव्हतं. बर्फाच्या कारखान्यात फिटर म्हणून एकतीस वर्षं कॉम्प्रेसरच्या शेजारी काढली, त्यात कान गेले. कानात घालायचं यंत्र आणलं, तर त्यातून नुसती शिट्टी ऐकू येते म्हणतात.

मी बाही ओढेपर्यंत ह्यांच्या दोन ओळी गाऊन झाल्या होत्या. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू पुढे सरकत आलं. हे खाली बसले. मानेपर्यंत लाल झाले होते.

"आधीच का नाही ओढलंस?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

खरं म्हणजे मीही हसू दाबत होते. ते काही मी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी मी शर्ट इस्त्री करून ठेवला, तरी हे उठले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. "देवाला काय, घरातूनपण ऐकू येतं," म्हणाले. मला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. पण राग असता तर उतरला असता. त्याआधी रोज पहाटे हे जेवणाच्या टेबलाशी पंधरा मिनिटं डोळे मिटून बसायचे. "एवढं काय मागता?" असं मी विचारलं, की म्हणायचे, "मागत नाही गं. नुसता बसतो त्याच्यापाशी." उठताना चेहरा असा निवांत असायचा की मला हेवा वाटायचा; माझी प्रार्थना दूध उतू जाईपर्यंतच टिकते. आता हे बसायचे ते डोळे उघडे ठेवून, भिंतीकडे बघत.

"देव बोलत नाही का आता?" मी एकदा ओरडूनच विचारलं. ह्यांच्याशी सगळंच ओरडून बोलावं लागतं, अगदी असलंसुद्धा.

"बोलत असेल. मलाच ऐकू येत नाही."

मी उठून भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

महिनाभराने एका शनिवारी दुपारी शाळेतल्या गणिताच्या बाई दारात उभ्या. चर्चमध्ये ऑर्गन त्याच वाजवतात. "काका, ऑर्गन धापा टाकतोय. पाय मारून मारून दमले, पण हवाच धरत नाही. जरा बघता का?"

माणसाला हे नाही म्हणतील, पण बिघडलेल्या यंत्राला नाही म्हणणं ह्यांच्या रक्तात नाही. मुकाट्याने हत्यारांची पिशवी घेतली. मीही मागोमाग गेले.

रिकाम्या चर्चमध्ये ह्यांनी ऑर्गनची मागची फळी काढली. भात्याचं चामडं एका कडेला सुटलं होतं, ते पट्टी ठोकून बसवलं. हवा आणखी कुठे गळते का, ते बघायचं राहिलं होतं. कारखान्यात बेअरिंग तपासायची एक रीत असते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. आतली घरघर हाडातून कळते. ह्यांनी तसंच केलं.

"वाजवा बाई."

बाईंनी सवयीने हाताला आलं ते वाजवलं, आणि आलं नेमकं तेच गीत. एक कडवं झालं, दुसरं झालं, हे वाकलेलेच. मला वाटलं, आणखी बिघाड सापडला. जवळ जाऊन पाहिलं तर ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"थांबू नका," हे म्हणाले. "अगदी खालचा सूरसुद्धा येतोय हो." आणि गाऊ लागले. चौथं कडवं संपलं तेव्हा ऑर्गन आणि हे एकदमच थांबले.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "काका, उद्या इथंच उभे राहा."

"हातात हे घेऊन? लोक पुन्हा हसतील," मी म्हटलं. ह्या खेपेला मला हसू येत नव्हतं.

"हसू देत की," हे म्हणाले. "मला कुठं ऐकू येतंय."

रविवारी हे सगळ्यांसमोर ऑर्गनशेजारी उभे राहिले, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागे धरून. पहिल्या ओळीला दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीला कुणाला सवडच झाली नाही, कारण ह्यांचा आवाज चढला आणि त्यामागे सगळ्यांना आपापला चढवावा लागला. इतकी वर्षं मी त्या चर्चमध्ये जाते, असं गाणं ऐकलं नव्हतं. चारही कडवी झाली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग मूक प्रार्थना. ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला आणि मान झुकवली. प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवायची माझी जुनी खोड आहे. ह्यांचा चेहरा पाहिला. हे पुन्हा त्याच्यापाशी जाऊन बसले होते.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. मंडळी उठू लागली. हे तसेच, डोळे मिटून. आमेन त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मी पुढे जायला निघाले, तर पाळकसाहेबांनी हातानेच मला बसायला सांगितलं आणि स्वतः पुन्हा मान खाली घातली. मग एकेक करत सगळे बसले, सगळ्यांनी माना खाली घातल्या.

बऱ्याच वेळाने ह्यांनी डोळे उघडले. समोर वाकलेल्या माना पाहिल्या, आणि प्रार्थना अजून चालूच आहे असं समजून, मोठ्या आनंदाने पुन्हा मिटून घेतले.