निळा रोग, तांबडा योग

वैशाखात पेणजवळच्या जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यांत मान वर करायला सवड नसते. पण त्या दिवशी साचे तसेच टाकून माणसं देवळामागच्या मांडवात जमली होती. वरचं कापड तापलेलं, खालची जमीन तापलेली, तरी कोणी जागचं हलत नव्हतं. समोर पाटावर शीतलानंद महाराज बसले होते आणि त्यांच्यापुढे बर्फ घातलेल्या गार चहाचे ग्लास मांडले होते. चहा निळा होता. शाईसारखा निळा.

"हा निळा काय हाय?" महाराजांचा शिष्य ओरडला.

"रोग!" मांडव ओरडला.

विमलबाईंची पाळी आली. साठीच्या विमलबाईंना कित्येक वर्षांचा मधुमेह. रोज पोटात इन्शुलिनची सुई टोचून घ्यावी लागे. महाराजांनी गार ग्लास त्यांच्या कपाळाला लावला, डोळे मिटले, अंग थरथरवलं.

"माई, तुझ्या रक्तातली सगळी साखर ह्या पेल्यात उतरली बघ!"

मग कमंडलूतून तीर्थाची धार सोडली. निळा चहा जांभळा झाला, जांभळ्याचा गुलाबी, आणि बघता बघता तांबूस. बाया किंचाळल्या.

"निळा तो रोग, तांबडा तो योग! पिऊन टाक माई. आणि ते सुयांचं विष आजपासून बंद. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, एका देहात दोन औषधं राहत नाहीत."

विमलबाईंनी ग्लास रिकामा केला. "अमृतासारखं गोड हाय," त्या म्हणाल्या. लागणारच गोड, पेल्यात मूठभर साखर होती. मधुमेहाच्या बाईला महाराज पाक पाजत होते, आणि तो गोड लागला याचाही चमत्कार झाला.

त्यांचा मुलगा पोपट हात जोडून रडत होता. डोलवीच्या कंपनीत तो कंत्राटावर कामाला. आईचं सुयांनी काळंनिळं पडलेलं पोट त्याला बघवत नसे. घरी येऊन त्याने इंजेक्शनं पिशवीत बांधून माळ्यावर टाकली.

आठवड्याभरात विमलबाई घागरीला तोंड लावल्यासारखं पाणी पिऊ लागल्या. "रोग बाहेर पडतोय," महाराज म्हणाले आणि रोज एकाचे दोन ग्लास केले. सून शांती मात्र घाबरली. ती एसटीने पेणला गेली, शाळेत तिला विज्ञान शिकवणाऱ्या वृंदाबाईंच्या घरी.

उन्हातून आलेल्या माणसाला वृंदाबाई कढत चहा देत नसत. गोकर्णाची वाळवलेली फुलं गरम पाण्यात घालायची, रंग उतरला की गाळून साखर विरघळवायची, आणि पातेलं फ्रिजमध्ये. देताना बर्फ आणि एखादं आंबट फळ: कधी लिंबू, कधी कैरीचा रस, कधी कोकमाचं आगळ. त्या दिवशी घरात लिंबू होतं. त्यांनी शांतीसमोर ग्लासात ते पिळलं.

शांती उभीच राहिली. "बाई, हे तीर्थ तुमच्याकडे कुठून आलं?"

"तीर्थ कसलं गं? गोकर्णाचा चहा. आंबट लागलं की निळा रंग तांबडा होतो. वर्गात जास्वंदीच्या रसावर केलं होतं ना आपण?"

"परीक्षेत लिहिलं होतं मी," शांती हळूच म्हणाली. "आणि मांडवात मीपण हात जोडले."

सासूबाईंची इंजेक्शनं बंद केल्याचं कळताच वृंदाबाईंनी चहाची बाटली, लिंबं आणि सोड्याची पुडी पिशवीत टाकली आणि पायात चपला सरकवल्या. दुपारी दोघी जोह्यात पोचल्या. विमलबाई पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ कोरडे पडलेले. पोपट शिफ्टवरून नुकताच आला होता. शेजारणीही गोळा झाल्या.

वृंदाबाईंनी निळा चहा ओतला, लिंबू पिळलं. तांबडा. मग त्यात चमचाभर खायचा सोडा टाकला. ग्लास फसफसला आणि पुन्हा निळा झाला.

"बघा, रोग परत आला! म्हणजे विमलबाईंचा रोग वाण्याच्या सोड्यात राहतो म्हणायचा."

कोणी हसलं नाही. शेजारची धोंडुबाई पुढे सरकली. "बाई, तुमच्या बी हातात शक्ती हाय."

"शक्ती नाही हो, लिंबू आहे."

"लिंबवात तर शक्ती असतेच. उगाच का दारावर बांधतो?"

"मग तुम्ही स्वतः पिळा. घ्या."

धोंडुबाईने पिळलं. चहा तांबडा झाला. तिने आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो कपाळाला लावला. "अगो बया! माज्या बी हातात आली!"

वृंदाबाईंनी पोपटाकडे वळून पाहिलं. "अरे, तू आयटीआय केलेला मुलगा. तुला तरी पटतंय ना?"

पोपटाने तांबडा ग्लास बाजूला सारला. "बाई, तुम्ही खोताच्या घरातल्या. तुमच्या शेतात माजा आजा राबला. आता आमच्या गावात देव आला, तर तो बी तुम्हाला बघवत नाय?"

याला सोडा आणि लिंबाचं उत्तर चालणारं नव्हतं. शांतीने माळ्यावरून पिशवी काढली होती. वृंदाबाई विमलबाईंपाशी बसल्या. "ही इंजेक्शनं उष्णतेनं खराब झाली असतील. आत्ता दवाखान्यात चला, नवीन घेऊ. माझ्यासाठी चला."

"बाई," विमलबाई म्हणाल्या, "सुई टोचली की रोज वाटायचं, मी आजारी हाय. महाराजांकडं गेल्यापासनं तसं वाटत नाय." मग पाहुणीला वाईट वाटू नये म्हणून हसून म्हणाल्या, "उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्याच नाहीत. रिक्षात घालून पेणला नेलं तेव्हा श्वास चालू होता. साखर इतकी चढली होती की मशीनवर आकडाच येईना.

"इन्शुलिन कधी बंद केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

पोपटाने दिवस बोटांवर मोजले. विमलबाई संध्याकाळी गेल्या.

महाराजांनी मांडवात डोळे पुसले. "माई बरी होत आली होती. पण घरातल्याच कोणी तीर्थाची थट्टा केली. अविश्वास आड आला!" गावाला ते पटलं. लिंबू न पटलेल्या गावाला हे लगेच पटलं. पोपट शांतीशी बोलेनासा झाला. शांती आणि वृंदाबाई पोलिसांत तक्रार द्यायला निघाल्या, तोवर मांडव उठला होता.

तो पुन्हा उभा राहिला रोह्याला, नदीपल्याडच्या अष्टमी गावात. रांग जोह्यापेक्षा मोठी. शांती आणि वृंदाबाईंनी रस्त्याच्या कडेला टेबल मांडलं: निळा चहा, लिंबं, सोडा. रंग बदलून दाखवायचा, पुन्हा निळा करून दाखवायचा, आणि शांती घसा ताणून सांगायची, "रंग बदलला म्हणजे रोग बदलला नाय! माझी सासू ह्यानंच गेली. तुमची औषधं बंद करू नका!"

ऊन फार होतं. लोकांनी गार चहा आनंदाने घेतला, तोंड पुसलं, आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

केरू नावाचा एक म्हातारा मात्र थांबला. त्याने लिंबू स्वतः पिळून पाहिलं, चव घेतली, विचार केला. "मंग माजी शुगरची गोळी चालू ठेवू?"

"ठेवा बाबा. एक दिवस चुकवू नका."

"बरं. गोळी बी घेतो, तीर्थ बी घेतो." आणि तोही रांगेकडे गेला.

हा चहा घरी जरूर करा. उन्हाळ्यात जीव थंडावतो, आणि पोरं रंग बदलताना बघून खूश होतात. त्यांना का बदलला तेही सांगा. मग ज्याला जे औषध डॉक्टरांनी दिलंय, ते त्याने वेळेवर घ्यावं. कुठल्याही पेल्याला ते बंद करण्याचा अधिकार नाही. केरूने त्या रात्री गोळी घेतली की नाही, हे शांतीला कळायला काही मार्ग नव्हता.