माझ्या पोटातलं टेम्पोचं इंजिन

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी जीप आहे आणि माझ्या पोटात टेम्पोचं इंजिन आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, हे कळायला मला मात्र दोन महिने लागले.

पंचवीस वर्षं मी भिलाईत एका क्वार्टरसमोर उभी होते. माझे मालक शालिकराम स्टील प्लांटमध्ये फिटर. सुट्टीत गावाला, भंडाऱ्याकडे जायचं झालं की अख्खं घर, दोन पोती आणि एखादा पाहुणा माझ्यात कोंबला जाई. चढावर मी एकदाही थांबले नाही, हे मी जरा मिरवूनच सांगते. मग माझं पेट्रोल इंजिन थकलं. आधी धूर, मग तेल पिणं, आणि एका सकाळी ते जाम झालं ते कायमचंच. सुटे भाग कुठे मिळेनात. माझ्या बॉनेटवर गोधड्या वाळू लागल्या, सीटमध्ये मुंग्यांनी संसार थाटला. मला फार वाईट वाटायचं.

त्याच वर्षी शालिकराम रिटायर झाले. प्लांटच्या पाळीची वेळ झाली की ते अजूनही चप्पल घालून दारात येत, थबकत आणि परत फिरत. प्लांटचं क्वार्टर दोन महिन्यांत सोडायचं होतं. जवळच्याच उतई गावात त्यांचं स्वतःचं घर उभं राहत होतं. भंगारवाला ओमप्रकाश माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून गेला. शालिकराम मला द्यायला तयार नव्हते, पण त्यांच्या पत्नी रुक्माबाईंनी अट घातली.

"सोताच्या चाकावर उतईले येईल तं येऊ दे. दोर बांधून, टोचन करून आनलेली गाडी मी आंगनात ठेवू देनार नाही."

शालिकरामांनी एका मोडक्या टेम्पोचं धडधाकट डिझेल इंजिन शोधलं आणि ते बसवायची सरकारी परवानगीही काढली. माझं जुनं इंजिन ओमप्रकाशच्या ठेल्यावर निघालं तेव्हा मला भडभडून आलं. आणि नवं पाहून मी नाक मुरडलं. कुठे मी, आणि कुठे हे कांद्याची पोती वाहिलेलं इंजिन!

ते माझ्या गिअरबॉक्सला जुळेना. भोकासमोर भोक येईना. शालिकरामांनी आधी गिअरबॉक्सच्या आणि मग इंजिनच्या तोंडावर पुठ्ठा धरला, तेलकट बोटाने दाबून भोकांचे ठसे उठवले आणि त्यावरून एक जाड चकती कापून घेतली. लग्न जमवणाऱ्या मावशीसारखी ती आम्हा दोघांच्या मध्ये बसली. मग इंजिन पेलायला दोन ब्रॅकेट हवे होते. त्यासाठी त्यांचे प्लांटमधले जुने मित्र, वेल्डर केवलराम आले.

"सहा एम.एम.ची प्लेट पुरे ना?" केवलरामांनी विचारलं.

"सोळाची घे. हाललं नाही पायजे."

इथेच दोघे चुकले, आणि प्लांटवालेच चुकतील असे चुकले. जन्मभर ज्यांनी अवाढव्य मशीनं जमिनीत गाडून बसवली, त्यांना पातळ प्लेट नजरेत भरत नाही. त्यांनी माझ्या सांगाड्यावर लोखंडाला लोखंड भिडवून इंजिन आवळून टाकलं.

क्वार्टर सोडायला चार दिवस उरले असताना चावी फिरली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि मी अशी थरथरले की विचारू नका! आरसा निखळला. दिव्याची काच फुटली. नंबर प्लेट एका स्क्रूवर लोंबकळू लागली. स्टिअरिंग धरलेल्या शालिकरामांचे दात वाजत होते. त्यांनी इंजिन बंद केलं आणि ते पायरीवर जाऊन बसले.

"बोलाव ओमप्रकाशले," ते केवलरामांना म्हणाले. "हे हात आता काही कामाचे नाही राहिले."

खरं सांगते, त्या वेळी मला माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त काळजी वाटली.

रुक्माबाई आत सामान बांधत होत्या. त्या हातात मिक्सर घेऊनच बाहेर आल्या आणि त्यांनी तो नवऱ्यासमोर उलटा धरला.

"याच्या पायाले रबर कावून लावलं असन?"

"हालते म्हनून."

"मंग तुमचं इंजिन काय कमी हालून राहिलं?"

"वहिनी, पन प्लांटात तं आमी असंच आवळत होतो," केवलराम म्हणाले.

"प्लांटातल्या मशीनले कुठी जायचं नसते. हिले उतईले जायचं हाये."

दोघे मित्र पोट धरधरून हसले. ब्रॅकेट उतरवले, कापले, आणि मध्ये जाड रबरं बसवली. मेकॅनिक त्यांना फाउंडेशन म्हणतात. पुन्हा चावी फिरली. मी हलकेच गुरगुरले. टेम्पोचं असलं तरी इंजिन गुणी होतं, हे मी त्या दिवशी मान्य केलं.

शेवटच्या दिवशी क्वार्टरची किल्ली देऊन आम्ही निघालो. रुक्माबाई पुढे बसल्या होत्या, मांडीवर मिक्सर. दोन महिने शालिकराम माझ्याच पोटाखाली पडून होते, त्यामुळे घराचं काम बघायला उतईला रुक्माबाईच एकट्या जाऊन येत. घर आलं आणि शालिकरामांनी ब्रेक दाबला. समोर दहा फूट रुंद गेट होतं, माझ्याच हिरव्या रंगाचं.

"एवळं मोठं गेट मिस्तरीले कधी सांगतलं तू?"

"तुमी पुठ्ठा कापून राहिले होते ना, त्याच दिवशी."

शालिकरामांनी खाली उतरून गेट सताड उघडलं. मी तर जोरात हॉर्न वाजवला असता, वायर जोडलेली असती तर.

मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू बंद पडली तर लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. आधी झाकण उघडून बघा. आणि कुणाला कितीही घट्ट धरलंत, तरी मध्ये थोडं रबर असू द्या. त्या रबरावर तेल साचू देऊ नका, तेलाने ते फुगून खराब होतं. माझी रबरं रोज पुसली जातात. पाळीची वेळ झाली की शालिकराम अजूनही चप्पल घालून दारात येतात, पण आता परत फिरत नाहीत. फडकं घेऊन सरळ माझ्याकडे येतात.