मास्तरांचा आलेख आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. रंग राखाडी, वय बारा वर्षे. एका बैठ्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे मी उभी असते. शेडला लागूनच स्वयंपाकघराची खिडकी आहे, त्यामुळे या घरातले सगळे बोलणे मला ऐकू येते. माझ्याशी मात्र कुणी बोलत नाही. म्हणून म्हटले, आज आपणच तोंड उघडावे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पहिली तीन वर्षे मी एका औषध कंपनीच्या विक्रेत्याकडे होते. तो गावोगावचे दवाखाने पालथे घाली, मागच्या सीटवर खोकी रचून ठेवी आणि स्टिअरिंगवर डबा ठेवून जेवी. डाग पडत, पण माणूस आनंदी होता. गाडी चालवताना बेसूर गात असे. तीन वर्षांत आम्ही एक्केचाळीस हजार किलोमीटर फिरलो. मग त्याला कंपनीकडून नवी गाडी मिळाली आणि मी बाजारात आले.

तिथे मला एक नवा शब्द कळला. घसारा. वस्तू जुनी होत जाते तशी तिची किंमत उतरत जाते, त्याला घसारा म्हणतात. मोटारीचा घसारा पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत जास्त असतो. माझी किंमत निम्म्यावर आली होती आणि मी तर तोवर एकदा साधी खोकलेही नव्हते! फार अपमान वाटला.

त्याच बाजारात मास्तर आले. ते शाळेत भूमिती शिकवत. सोबत त्यांची पत्नी होती. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणे. वहिनींना बस लागत असे. अर्ध्या तासात डोके गरगरे आणि पोटात ढवळून येई. त्यांची थोरली बहीण, म्हणजे ताई, तीन तासांच्या वाटेवर एकटीच राहत होती. ताईंचे गुडघे गेले होते, त्यामुळे त्यांना इकडे येणे जमत नसे. वहिनींना ताईंकडे जाता यावे, एवढ्यासाठी गाडी घ्यायची होती.

मास्तरांनी पिशवीतून आलेखाचा कागद काढला. त्यावर त्यांनी मोटारीच्या किमतीची रेषा काढली होती. आधी ती कड्यावरून कोसळल्यासारखी खाली येत होती आणि तीन वर्षांनंतर हळूहळू सपाट होत होती. शेजारी एक वर्षभर वापरलेली, चकचकीत लाल गाडी उभी होती. वहिनींना ती आवडली होती. पण मास्तरांनी रेषेवर बोट ठेवून दाखवले, की लाल गाडी अजून कड्यावर आहे आणि राखाडी गाडी पायथ्याला पोचली आहे. ओळखीच्या मेस्त्रीने माझे इंजिन तपासले, खाली वाकून पाहिले आणि हात पुसत म्हणाला, "पहिल्या मालकानं तोटा सोसलाय, मास्तर. तुम्ही नुसती गाडी घेताय. डोळे झाकून घ्या."

मित्रांनो, ती निवड अगदी बरोबर होती. आजही मी तसेच म्हणेन. घोळ पुढे झाला.

पहिल्या वर्षी आम्ही दोनदा ताईंकडे गेलो. वहिनी काच खाली करून बसायच्या आणि त्यांना एकदाही मळमळले नाही. ताई काठी टेकत दाराशी यायच्या, माझ्या बॉनेटवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आणलंस बाई माझ्या बहिणीला." माझ्या आयुष्यात माझे एवढे कौतुक कुणी केले नाही.

मास्तर दरवर्षी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचत. माझ्या वयाच्या गाडीला काय भाव आहे ते पाहत आणि आलेखावर एक टिंब देत. दुसऱ्या वर्षी त्यांना दिसले, की कमी चाललेल्या गाडीचे टिंब रेषेच्या किंचित वर येते. मास्तरांना हर्ष झाला. गाडी जितकी कमी चालवू तितकी रेषा सपाट राहील, असा सिद्धांत त्यांनी मांडला आणि तो सिद्ध करायला मलाच घेतले. अति तेथे माती म्हणतात ते खोटे नाही.

त्या दिवसापासून मी शेडमध्ये गेले. मास्तर सायकलने शाळेत जाऊ लागले. आठवड्यातून एकदा येऊन ते मला पुसत, पाच मिनिटे इंजिन चालू ठेवत आणि बंद करत. बाहेरच्या रस्त्यावरून गाड्या जात, त्यांचे हॉर्न ऐकू येत. माझ्या आरशात मात्र कायम तीच भिंत, तोच नळ आणि उलटी घातलेली बादली. मला फार एकटे वाटे. कुणी दार तरी आपटावे, असे वाटे.

वहिनी विचारत, "अहो, या सुट्टीत जायचं ना ताईकडे?"

मास्तर म्हणत, पुढच्या सुट्टीत नक्की. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर होतात. आता कुठे टिंब छान वर आले आहे.

मग वहिनी खिडकीशी उभ्या राहून ताईंना फोन करत. मास्तरांचे नाव पुढे येऊ देत नसत. कधी म्हणत पेपर तपासायचे आहेत, कधी म्हणत माझीच कंबर धरली आहे. दोन वेळा त्या बसने गेल्या. परतल्या तेव्हा दोन-दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. त्यानंतर तेही थांबले. अशी सात वर्षे गेली.

एका सकाळी ताईंच्या शेजाऱ्यांचा फोन आला. ताई झोपेतच गेल्या होत्या. दुपारी नेणार होते.

मास्तर धावत शेडमध्ये आले. वहिनी शेजारी बसल्या. मास्तरांनी किल्ली फिरवली आणि मी सुरू झाले नाही. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. पण पाच-पाच मिनिटांच्या चालण्याने बॅटरी कधी पुरती भरलीच नव्हती आणि नेमकी त्याच दिवशी ती मेली. मेस्त्री येऊन नवी बॅटरी बसवेपर्यंत दीड तास गेला. वहिनी सीटवरून उठल्या नाहीत. पदराचे टोक बोटाला गुंडाळत समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. आम्ही पोचलो तेव्हा अंगण झाडून झाले होते आणि लोक घरी परतत होते.

येताना तीन तास वहिनींनी काच खाली केली नाही. घरी आल्यावर वहिनी उतरल्या. त्यानंतर त्या माझ्यात कधी बसल्या नाहीत.

मास्तरांनाही माझे तोंड बघवेना. गेल्या महिन्यात ते मला विकायला घेऊन गेले. मी जेमतेम अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर चालले होते, सीटला सुरकुती नव्हती. दलालाने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि भाव सांगितला. मास्तरांना वाटले ऐकण्यात चूक झाली. त्यांनी आलेख उघडून दाखवला. दलाल भला माणूस होता. त्याने कागद नीट पाहिला आणि परत दिला.

"बारा वर्षांची गाडी ती बारा वर्षांची, मास्तर. हे मॉडेलही बंद झालं."

मास्तरांनी हळूच विचारले, "आणि भरपूर चालवली असती तर? म्हणजे वर्षातून चार-पाचदा, लांबवर?"

"मग थोडा कमी आला असता भाव. असं धरा, दोन टायर येतील एवढा."

मास्तर माझ्यात येऊन बसले. दार लावले. दोन टायर, दोन टायर, असे पुटपुटत राहिले. भूमितीच्या मास्तरांना रडताना मी प्रथमच पाहिले. त्यांनी मला विकले नाही.

घरी येताच ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. म्हणाले, "अगं, चल. आत्ता निघू. तू म्हणशील तिथं नेतो, कितीही लांब असू दे."

वहिनींनी गॅस बारीक केला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी नुसतेच विचारले, "आता कुणाकडे जायचं?"

मास्तर परत शेडमध्ये आले आणि फडक्याने माझी काच पुसत राहिले. 

मित्रांनो, जुनी गाडी घ्याल तेव्हा घसारा जरूर बघा. मेस्त्रीला दाखवा, वर्ष विचारा, पहिल्या मालकाने सोसलेल्या तोट्याचा फायदा घ्या. त्यात शहाणपण आहे. पण एकदा घरी आणलीत, की किमतीचा विचार सोडून द्या. गाडी जपली तरी ती उतरते आणि वापरली तरी उतरते. आमची काळजी घ्यायची म्हणजे आम्हाला धूळ लागू द्यायची, डाग पडू द्यायचे, पावसात न्यायचे आणि वेळेवर तेल बदलायचे. एवढेच आम्हाला पुरते. आणि तीन तासांच्या वाटेवर कुणी काठी टेकत दाराशी येऊन उभे राहत असेल, तर कृपा करून या सुट्टीतच जा.