स्वातंत्र्याच्या वयाचा माणूस

एकोडीच्या सेवकरामच्या आयुष्यात देशाच्या तोडीचं काही असेल तर ती त्याची जन्मतारीख: पंधरा ऑगस्ट एकोणीसशे सत्तेचाळीस. बाकी इतिहास त्याला न विचारताच गेला. घर न हलवता तो मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात आला. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तेव्हा तो उन्हाळी धान कापत होता.

तारीखही गुरुजींची देणगी. शाळेत नाव घालताना त्यांनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. कान हाती आला, म्हणजे पोर सहा वर्षांचं. जन्म कधीचा विचारल्यावर बाप म्हणाला, "धानाची रोवणी चालू होती, गुरुजी." देशभक्त गुरुजींनी पुढचं स्वतःच ठरवलं. त्याच दिवशी गावातल्याच ताराचंदचाही कान हाती आला आणि त्यालाही तीच तारीख मिळाली.

यंदा सरपंच वीरेंद्रनं जाहीर केलं, झेंडा स्वातंत्र्यासोबत जन्मलेला माणूस फडकावील. एकच. आयुष्यात पहिल्यांदा सेवकरामला कोणी निवडणार होतं. त्यानं सदऱ्याला इस्त्री करून घेतली. ताराचंदनंही घेतली. दोघांच्या आधार कार्डांवर तारीख एकच निघाली, म्हणून सेवकरामनंच साकोलीहून थोरली बहीण साक्षीला आणली. कौशल्याबाई पंच्याऐंशीची, त्या काळची आठवण असलेलं दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

"बाई, याद करून सांग," तो ग्रामपंचायतीत म्हणाला आणि हळूच डोळा मिचकावला. बाईला मोतीबिंदू होता.

"पयला झेंडा लागला तो दिवस ना? चांगला याद आहे. बाबा तुले खांद्यावर घेऊन गेला. साखर वाटली, तं माह्या हिश्श्याचीबी तूच खाल्ली. वरून बोट चावलं माहं. दात होते न तुले!"

हशा पिकला.

"म्हणजे आबा, तुमी इंग्रजाच्या राज्यातले?" सरपंचानं विचारलं, जणू सेवकरामनं ते राज्य चालवलं होतं.

"तिले काय याद राहीन? सहा-सात वर्षाची होती ते!" सेवकराम म्हणाला.

"मंग मले आणली कायले?" बाई म्हणाली.

ताराचंदकडे सगळ्यांनी पाहिलं. त्याला थोरली बहीण नव्हती. एवढ्या एका गुणावर तो स्वातंत्र्याच्या दिवशी जन्मल्याचं सिद्ध झालं.

पंधरा ऑगस्टला त्यानं दोरी ओढली. फुलं त्याच्याच डोक्यावर पडली, फोटो निघाला. सेवकराम इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत बहिणीजवळ बसला होता. गावात पहिला झेंडा पाहिलेली दोनच माणसं उरली होती आणि दोघंही त्या रांगेत होती. हे सरपंचाच्या ध्यानात आलं नाही. सेवकरामच्या मात्र आलं.

"बाई," त्यानं हळूच विचारलं, "त्या दिवशी मी झेंड्याकडं पाहून राहिलो होतो का?"

"झेंड्याकडं कायले? तू माह्या मुठीकडं पाहून राहिला होता." तिनं आपल्या वाट्याची बुंदी त्याच्या हातावर ठेवली. "घे. आता चावू नको."