पाण्याचा तराजू

"आधी शब्द फोड, मग हत्याराला हात लाव."

गंगारामचा हा आवाज तेवीस वर्षांत प्रेमलताच्या कानातून गेला नव्हता. गंगाराम तिचा नवरा, फिटर. कारखान्यातल्या जर्मन साहेबाने जाताना त्याला सपाटी तपासायची स्वतःची पितळी लेव्हल दिली होती. काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. तिचं जर्मन नाव वासरवागं. वासर म्हणजे पाणी, वागं म्हणजे तराजू. तराजू का, तर त्या शब्दाचा मूळ अर्थ डोलणारा; आणि पारडं कुठे झुकेल ते ठाऊक नसताना वजन टाकायचं, म्हणून धाडसाचा जर्मन शब्दही त्यातूनच निघाला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला, स्वरूपला, हे सगळं पाठ हवं. एक पायरी चुकली की पोर केळीच्या वाडीत उन्हात उभं. पूर्ण सांगेपर्यंत घोटभर पाणी नाही.

एकदा प्रेमलताने पदराआड तांब्या नेला. गंगारामने तो लाथेने उडवला आणि तिचा हात तुळशीवर ठेवला. "म्हण, धडा चालू असताना मधे पडणार नाही."

ती म्हणाली. सोमवार, चतुर्थी, एकादशी, तिने कधी एक नेम मोडला नाही, हाही नाही. स्वरूप चक्कर येऊन पडला, तेव्हा ती ओटीवर जप करत बसली होती.

यंदा अर्धांगवायूने गंगारामची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. वसई पूर्वेचा त्याचा फिटिंगच्या कामाचा गाळा आता स्वरूप चालवतो. निघण्याआधी रोज खाटेशी खुर्ची ओढतो. मांडीवर लेव्हल, हातात पाण्याचा पेला.

"फोडा बाबा, शब्द."

"वा... वा..."

"वाहवा मागाहून. वासर म्हणजे?"

गंगारामची लाळ गळली. नजर पेल्यावर.

"सोपंय की. समोरच आहे." स्वरूपने पेला खिडकीत ठेवला, शेजारी लेव्हल ठेवून बुडबुडा मधोमध आणला. "डॉक्टर म्हणाले, जिभेला व्यायाम हवा. मला घाई नाही."

"रात्रीपासून पाणी नाही रे त्यांना," प्रेमलता दारातून म्हणाली.

"मला तरी कुठे होतं, आई?"

म्हाताऱ्याने मान वळवली. डावा हात तिच्याकडे उचलला, मग बोटं तोंडाशी नेली.

"धडा चाललाय ना तुमचा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच मऊ.

तिने कळशीतून तांब्या भरला. गंगारामचे डोळे तांब्यामागून फिरत राहिले, ओठ आपोआप उघडले. प्रेमलताने पदर सारखा केला, तांब्याच्या तोंडावर तळवा धरला, आणि थेंबही न सांडता त्याच्या उशाजवळून अंगणातल्या तुळशीकडे चालू लागली.