काळ्या राजाचे तीर्थ

अभनपूरच्या पलीकडे मोहाच्या आणि तेंदूच्या विरळ रानातून एक कोरडा नाला जातो. त्याच्या एका वळणावर दिवाकरराव देवपुजारी छत्री उघडून बसले होते. वैशाख लागून बरेच दिवस झाले होते. मांडीवर कॅमेरा होता, तो तापू नये म्हणून त्यावर ओला पंचा टाकलेला होता. आणि समोर वाळूचा तो तुकडा होता, ज्याच्याकडे ते देवापुढे बसावे तसे एकाग्र होऊन पाहत होते. वाळू ठणठणीत कोरडी होती. एक मुंगळा तिच्यावरून इकडून तिकडे गेला. त्यानंतर बराच वेळ काहीच घडले नाही.

दरवर्षी असे नसे. सारे रान पानगळीने ओकेबोके झाले की या वळणावर फुलपाखरांची सभा भरे. पांढरी येत, पिवळी येत, निळ्या पट्ट्याची येत. ओलसर वाळूत सोंडा टेकवून, पंख मिटून, पंगतीला बसल्यासारखी बसत. आणि एखाद्या भाग्याच्या दिवशी वरच्या चिंचेवरून काळा राजा उतरे. हा राजा फुलांना सहसा शिवत नाही. काळपट पंखांवर सायीच्या रंगाचा पट्टा, मागच्या पंखांना दोन-दोन शेपट्या, आणि वेग असा की पाहिला म्हणेपर्यंत नाहीसा. तो ओल्या मातीवर टेकला, तरच छायाचित्रात यायचा. एवढ्या रुक्ष ऋतूत या एवढ्याशाच जागी ओल कशी राहते, याचा दिवाकररावांनी खूप विचार केला होता. आयुष्य संस्कृत शिकविण्यात गेलेले. तेव्हा वाळूखाली एखादी अंतःसलिला वाहत असावी, असा त्यांचा निश्चय झाला होता. त्या वळणाला त्यांनी 'तीर्थ' म्हणायला सुरुवात केली, आणि छायाचित्रणाला आरंभ करण्यापूर्वी तेथली चिमूटभर माती कपाळाला लावण्याचा नेमही धरला.

या वर्षी तीर्थ आटले होते. नेमके याच वर्षी राजा हवा होता.

गौतम रामटेके या वर्षी सोबत नव्हता. रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला हा माणूस त्यांचा रानातला जोडीदार. गाडी त्याची, चहाचा थर्मास त्याचा, थट्टा त्याची. शिशिरात त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा रक्त धुऊन घेण्याचा क्रम मागे लागला. चैत्र संपता संपता तो कंटाळला. पंडरीतल्या त्याच्या घरी दिवाकरराव गेले, तेव्हा त्याची मुलगी राधिका दारातच डोळे पुसत उभी होती.

"चाचाजी, आप ही समझाइए. म्हणतात, आता मशीनवर जाणार नाही."

दिवाकरराव आत गेले. देह नश्वर असला तरी त्याची हेळसांड करण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशा अर्थाचे त्यांनी दोन-चार शब्द काढले असतील नसतील, तोच गौतमने हात वर केला.

"बस कर, पंडित. श्लोक नको. हा हात पाह्य. सुया टोचून टोचून चाळणी झाला. एक दिवस मशीनवर, दुसरा दिवस मशीननं थकवलेला, की तिसऱ्या दिवशी पुन्हा मशीन. याले जगणं म्हणते का बे?"

"मग काय म्हणणे आहे तुझे?"

"एक काम कर. राजाचा फोटो आण. यंदाचा. तोवर मशीनवर जातो. बुद्धपौर्णिमेच्या आत आणला तर तू म्हणशील तसं. नाही आणला तर मी म्हणन तसं. मंग पोट्टीनं रडायचं नाही अन् तू श्लोक म्हणायचे नाही."

दिवाकररावांना वाटले, सुटलो. तीर्थावर राजा उतरणार, हे त्यांना सूर्योदयाइतके निश्चित होते. त्यांनी मित्राच्या हातावर हात मारला.

तेव्हापासून ते येत होते. तात्यापाऱ्यातल्या घरून रिक्षा, मग अभनपूरची बस, मग भाड्याचा ऑटो, आणि शेवटी फुफाट्यातली पायवाट. बाहत्तराव्या वर्षी हा प्रवास रोज करण्याजोगा नव्हे. गुडघे रात्रभर ठणकत. जेवताना घास हातात धरून ते पेंगत. आता पौर्णिमा तोंडावर आली होती आणि वाळू अजून कोरडीच होती. त्यांनी बाटलीतले पाणी तिच्यावर ओतून पाहिले. दोन पिवळी फुलपाखरे आली, चव घेतल्यासारखी बसली आणि निघून गेली. दिवाकररावांनी छत्री मिटली. ती मिटण्याचेही त्या दिवशी श्रम झाले.

दुसऱ्या दिवशी ते पराभव सांगायला गेले. रुग्णालयात गौतम यंत्राशेजारच्या पलंगावर पडला होता. दोन नळ्यांतून रक्त जात-येत होते आणि यंत्र एकसुरी घरघरत होते. राधिका खालच्या दुकानात औषध आणायला गेली होती.

"नाही उतरला ना?" गौतमने विचारले.

"नाही. अंतःसलिला आटली असावी. तीर्थच कोरडे पडले, गौतमा. माझ्याकडून काही प्रमाद घडला की काय, कोण जाणे."

गौतम छताकडे पाहत राहिला. मग त्याचे पोट हलू लागले. तो हसत होता. हसता हसता त्याला ठसका लागला, यंत्राने टिंव टिंव केले आणि परिचारिका धावत आली. ती गेल्यावर त्याने डोळे पुसले.

"पंडित, तुले एक सांगतो. रागावू नको. तू पोहोचल्यावर झाडाखाली बसून गायत्री म्हणायचा ना? तवा मी वळणावर जाऊन यायचो."

"हो. फुलपाखरे आली आहेत का, ते पाहायला."

"मुतायले."

दिवाकररावांना प्रथम तो शब्द कळलाच नाही. कळला तेव्हा त्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"पहिल्या वर्षी सहज गेलो होतो," गौतम सांगू लागला. "थोड्या वेळानं पाहतो तं सारी बारात तिथंच बसलेली. फुलपाखराले क्षार पाहिजे, साध्या पाण्यानं का होते? मंग दरवर्षी त्याच जागी. तुले सांगणारच होतो; पण तू आला, खाली वाकला, अन् माती कपाळाले लावली. आता सांग, मी का करावं? तपकीर ओढून ओढून तुझं नाक मेलेलं. अन् वरतून मलेच समजावून राहिला की, गौतमा, इथं गुप्त नदी आहे!"

"मग त्याच वेळी का सांगितले नाहीस?"

गौतमचे हसू हळूहळू ओसरले. "खरं सांगू? माझ्या आज्याची सावली पडली म्हणून तुमच्याकडच्या कोण्या आज्यानं आंघोळ केली असन. म्हटलं, लावू दे. तेवढाच हिशेब चुकता होते." मग हलक्या आवाजात तो म्हणाला, "नंतर नंतर तसं नव्हतं वाटत. नंतर फक्त तुझा आनंद पाहून चूप बसलो. आता माझं बंद झालं, पंडित. या यंत्रानं सारं सुकवलं. म्हणून तुझं तीर्थ आटलं."

दिवाकरराव उठले आणि निघाले. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. आपल्याला राग आला आहे, हे त्यांना कळत होते. पण तो नेमका कोणावर आला आहे, हे कळत नव्हते. एवढी वर्षे ज्या भक्तिभावाने ते वाकले, तो भाव खोटा नव्हता आणि जे घडत होते तेही खोटे नव्हते. या दोहोंची सांगड मात्र त्यांच्या शास्त्रात कोठे बसत नव्हती. घरी जाऊन ते आधी न्हाणीघरात शिरले. तांब्या हातात घेतला आणि एकाएकी त्यांना तो न पाहिलेला आजा आठवला, दुसऱ्याच्या सावलीपायी आंघोळ करणारा. तांब्या त्यांनी तसाच खाली ठेवला आणि ते अंथरुणावर जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमेला एकच दिवस उरला होता. पहाटे उठताना सारे अंग 'नको' म्हणत होते. जाऊ नये, असे त्यांना मनापासून वाटले. अपमानाचे निमित्तही हाताशी होते. पण राजा न आणता पौर्णिमा उलटली, तर गौतम शब्दाला जागेल, हे ते जाणून होते. हा माणूस पैज कधी मोडीत नसे.

निघताना त्यांनी बाटलीत मूठभर मीठ घालून घेतले. क्षारच हवे आहेत ना, मग मीठही क्षारच, असा त्यांनी मनाशी युक्तिवाद केला. वळणावर खारे पाणी ओतून ते चिंचेखाली बसले. पिवळी आली. एक निळी आली. चिंचेच्या शेंड्यावर, फार उंचावर, काहीतरी काळे लखलखून गेले. ते मात्र खाली आले नाही. मिठाचे पाणी वाळूने पिऊन टाकले आणि पुन्हा सारे सामसूम झाले. ऊन डोक्यावर चढत होते.

दिवाकररावांनी भोवती पाहिले. रानात कोणी नव्हते. नदी-नाल्याच्या पात्रात हे कर्म निषिद्ध आहे, हे त्यांना पाठ होते. त्याचे प्रायश्चित्तही पाठ होते, आणि आयुष्यभर ते त्यांनी विद्यार्थ्यांकडून म्हणवून घेतले होते. त्यांनी पिण्याच्या पाण्याची दुसरी बाटली तोंडाला लावून निम्मी रिकामी केली. सवयीने जानवे उजव्या कानावर चढवले. मग, जेथे ते एवढी वर्षे वाकत आले होते तेथे जाऊन, ते शास्त्राप्रमाणे बसले.

काही होईना. सत्तरी उलटलेल्या पुरुषाला ही गोष्ट आज्ञेवर साधत नाही. ते डोळे मिटून बसून राहिले. घाम भुवयांवरून ओघळत होता. आणि त्या अवघडलेल्या अवस्थेत त्यांना मित्राचे शब्द पुन्हा ऐकू आले: माझं बंद झालं. ज्याला हलके कर्म म्हणून आपण कानाला दोरा गुंडाळतो, तेवढ्या एका कर्मासाठी तिकडे आठवड्यातून तीनदा एक माणूस सुयांना हात देतो. एवढे साधे, एवढे फुकट मिळालेले हे दान. त्याबद्दल कोणत्या देवाला आपण कधी हात जोडले? पुष्कळ वेळाने, थेंबाथेंबाने, थांबत थांबत त्यांना ते साधले.

चिंचेखाली परतताना त्यांना धाप लागली होती. कॅमेऱ्यावरचा पंचा काढून त्यांनी तो पोटाशी धरला आणि ते वाळूवर पालथे निजले. वाळू पोळत होती. पिवळी उतरली, आली ती बसलीच. मग निळ्या पट्ट्याची आली. दिवाकररावांना झापड येऊ लागली होती. तेवढ्यात त्या साऱ्या सभेत एकदम खळबळ उडाली आणि मधोमध, अगदी ओल्या जागी, राजा बसला.

त्याने पंख एकदा उघडले, मिटले, पुन्हा उघडले. सोंड वाळूत रुतवून तो असा पिऊ लागला की त्याला जगाची शुद्ध राहिली नाही. दिवाकररावांनी श्वास रोखला, कोपरे वाळूत घट्ट रोवली आणि कळ दाबली, पुन्हा दाबली. राजा उडून गेल्यावरही ते कितीतरी वेळ तसेच पडून राहिले. आनंद झाला होता, पण तो व्यक्त करण्याइतके बळ अंगात उरले नव्हते.

संध्याकाळी ते पंडरीला पोहोचले, ते धुळीने माखलेल्या कपड्यांनिशीच. गौतम पलंगावर उशीला टेकून बसला होता. दिवाकररावांनी कॅमेरा त्याच्या मांडीवर ठेवला आणि ते समोरच्या खुर्चीत बसले.

गौतमने चष्मा लावला. चित्र मोठे केले, लहान केले, पुन्हा मोठे केले. मग त्याने मान वर केली.

"कसा उतरवला?"

"जसा तू उतरवीत होतास, तसाच."

"तू?"

"मी."

"जानवं?"

"कानावर होते."

गौतम हसणार, असे दिवाकररावांना वाटले. पण तो हसला नाही. त्याने मान खाली घातली आणि चित्राकडे पाहत राहिला. राधिकाही येऊन त्याच्या खांद्यावरून पाहू लागली.

"राजाचा डोया फोकसमधी नाही," शेवटी गौतम म्हणाला.

"अरे बाबा, कितना साफ तो है! एक-एक बाल दिख रहा है," राधिका म्हणाली.

"तू चूप राह्य. तुले का समजते?" त्याने कॅमेरा बंद करून उशीपाशी ठेवला. "हा नमुना झाला, पंडित. फोटो नाही झाला. पुन्हा काढा लागन."

"गौतमा, उद्या पौर्णिमा आहे."

"असू दे. मुदत वाढवली. पैज माझी, मुदतही माझी." मग मुलीकडे न पाहताच तो पुढे म्हणाला, "परवाच्या मशीनसाठी दवाखान्यात फोन करून ठेव. सकाळचीच वेळ घे म्हणा, दुपारी फार गरमी होते."

राधिका फोन घेऊन लगबगीने बाहेर गेली. पुन्हा ती बस, पुन्हा तो फुफाटा, पुन्हा ती पोळणारी वाळू, हे सारे दिवाकररावांच्या डोळ्यांपुढून गेले. नाही म्हणावे, असे त्यांच्या मनात आले होते. पण शब्द जुळविता जुळविता मान छातीवर कलली आणि बसल्या जागीच त्यांचा डोळा लागला.

गौतम त्यांच्याकडे पाहत होता. बाहेरून मुलीचे बोलणे संपल्याची चाहूल लागताच त्याने तिला हलकेच हाक मारली.

"पोट्टे, त्या कूलरचं तोंड फिरव जरा. त्याच्याकडं कर."